दुःख धुऊन-पुसून नेऊ नका

सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे यजमान दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा. घर ताईंनी वळलेल्या विड्यांवर आणि मोठ्या मुलाच्या पगारावर चालतं. त्या लिहितात : "रात्री गुडघे टेकते आणि डोकं रिकामं होतं. काही आलंच तर राग येतो. आमच्या गटातल्या बहिणी म्हणतात, कुरकुर करू नको, इस्राएल लोक कुरकुर करूनच रानात मेले. स्तुती कर, दार उघडेल. मला स्तुती येत नाही हो. मग मी देवाकडे जायचंच नाही का? आणि जायचं तर हे सगळं घेऊन कसं जायचं?"

ताई, सलाम. मी 31 वर्षं परिचारिका होते. ड्यूटी संपल्यावर वॉर्डातल्या आजाऱ्यांजवळ आणि त्याहून जास्त त्यांच्या माणसांजवळ बसून प्रार्थना करत आले. निवृत्त झाले तरी ते काम सुटलं नाही. मी पाळक नाही, मंडळीतली एक बाई आहे. जे सांगते ते खाटांच्या कडेला बसून शिकलेलं आहे, आणि थोडं स्वतःच्या घरात.

जायचं. हे सगळं घेऊनच जायचं, रागसुद्धा.

आधी त्या कुरकुरीचं बघू, कारण ती गोष्ट तुमच्या घशात अडकली आहे. रानात इस्राएल लोक कुरकुरले हे खरं. पण कुठे कुरकुरले ते वाचा. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात आणि 106 व्या स्तोत्रात स्पष्ट लिहिलंय की ते आपापल्या डेऱ्यांत कुरकुरले. देवाबद्दल एकमेकांशी बोलले, देवाशी बोललेच नाहीत. आपला देव आपला द्वेष करतो असं मनाशी ठरवून टाकलं आणि मिसरला परत जायची भाषा सुरू केली. त्याच रानात, गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात, त्यांचा पुढारी मोशेही तक्रार करतो, आणि ती तक्रार तुमच्या-माझ्या तक्रारीपेक्षा जड आहे. तो देवाला विचारतो, या सगळ्या लोकांना मी जन्म दिला का, की यांना तान्ह्या लेकरासारखं उराशी धरून नेऊ? मला एकट्याला हा भार झेपत नाही. माझ्याशी असंच वागायचं असेल तर मला मारूनच टाक. हे बोलल्याबद्दल देवानं मोशेला शिक्षा केली नाही. लोकांमधले 70 वडील गोळा कर, ते तुझ्याबरोबर हा भार वाहतील, असं त्याला सांगितलं. तक्रार देवाच्या तोंडावर केली होती, आणि देवानं ती कामाची बाब म्हणून ऐकली. हे 70 वडील लक्षात ठेवा, शेवटी मला त्यांच्याकडे परत यायचंय.

म्हणून गटातल्या बहिणींवर रागावू नका. पण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलंय. तुम्ही रात्री गुडघे टेकून चिडता, तेव्हा तुम्ही डेऱ्यात नसता. तुम्ही दारात उभ्या असता.

आपल्या पवित्र शास्त्रात 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. आपण भिंतीवर लावतो ती 23 आणि 121. तेरावं कोणी लावत नाही. त्यातल्या पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा एकच प्रश्न आहे : कोठवर? परमेश्वरा, कोठवर मला विसरशील, कोठवर तोंड लपवशील, कोठवर मी मनात झुरत राहू, कोठवर वैरी माझ्यावर वरचढ राहील. सहाच ओव्यांचं स्तोत्र. आधी तक्रार, मग मागणं, आणि शेवटी विश्वासाचे दोन शब्द. शेवटी स्तुती येतेच ना, असं लोक म्हणतात. येते. पण 88 वं उघडून बघा. त्यात वळण नाही. रात्रंदिवस ओरडून ओरडून ते संपतं, आणि मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार आहे. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांना हे स्तोत्र काढून टाकता आलं असतं, किंवा खाली एक आनंदाची ओळ जोडता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. मंदिरात ते गायलं जात होतं. ज्या दिवशी तुमच्या प्रार्थनेच्या शेवटी अंधारच असेल त्या दिवशी 88 वं म्हणा आणि आमेन करा. ती प्रार्थना अर्धवट नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझी धाकटी सहा वर्षांची असताना तिच्या मेंदूत गाठ निघाली. मी परिचारिका, रिपोर्ट मला वाचता येत होता, तरी उपास केले, रात्र-रात्रभर प्रार्थना केली, तेलाचा अभिषेक करवून घेतला. ती गेली. त्यानंतर एका प्रार्थनासभेत बाहेरगावच्या एका प्रचारकानं चारचौघांत मला सांगितलं, घरात काही झाकलेलं पाप असेल तर कबूल करा. मी उठून घरी आले आणि वर्षभर मोठ्यानं प्रार्थना केली नाही. रविवारी मागच्या बाकावर बसायचे आणि मनात एकच शब्द म्हणायचे, कोठवर. तेराव्या स्तोत्रातला एवढाच शब्द. पुढच्या ओव्या तोंडात येत नव्हत्या. तेव्हा मला वाटायचं की माझा विश्वास संपला. आता वाटतं, तो एक शब्द मी कोणाला तरी म्हणत होते ना. भिंतीला म्हणत नव्हते.

त्या वर्षी मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई दर शनिवारी यायच्या. त्यांनी मला एक वचन सांगितलं नाही. वाटीत तेल कोमट करायच्या, माझ्या डोक्याला लावायच्या, वेणी घालायच्या आणि जायच्या. लेकरं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा तेसुद्धा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तेवढे सात दिवस ते शहाणे होते. तोंड उघडलं आणि बिघडवलं. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब नीट बोलला. ईयोबानं तर स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली होती. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांना बोल लागला आणि देवाशी भांडणाऱ्याला देवानं आपला म्हटलं. हे वाचल्यावर मी त्या प्रचारकाला मनातून सोडून दिलं. लगेच नाही, पण सोडलं.

विश्वास कमी पडला म्हणून बरं होत नाही, असं तुम्हालाही कोणी म्हणालं असेल. पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली आईच्या आधी गेली, चाळिशीत. वर्षाच्या आत, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाईही गेल्या. अखेरपर्यंत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. रमाबाईंचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे? प्रेषित पौलानं शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, कृपा पुरेल एवढंच उत्तर आलं. पौलाला कोणी विश्वास वाढव म्हणून सांगितलं नाही.

आता कसं जायचं ते.

पहिली गोष्ट भाषेची. आपल्या सोलापुरात हे कळायला वेळ लागत नाही. पूर्व भागातल्या एका बाईंच्या घरी मी जायचे. त्या विड्या वळत असायच्या, मांडीवर सूप, त्यात पान आणि तंबाखू. त्या आमच्या मराठी सभेत प्रार्थना करायच्या तेव्हा सगळं नीट, पाळकांसारखं : हे सर्वसमर्थ, परमदयाळू. मुलगा दारूत गेला आणि एकदा त्या सूप बाजूला ठेवून रडल्या, तेव्हा मराठी गळून पडली. तोंडातून तेलुगूच आलं : तंड्री, तंड्री. म्हणजे बापा. मला पुढचं काही कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. त्यानंतर मी सगळ्यांना सांगते की दुःखाची प्रार्थना घरच्या बोलीत करा, आई ज्या भाषेत हाक मारायची त्या भाषेत. कन्नड घरातले तंदे म्हणतील. शुभवर्तमानं ग्रीकमध्ये लिहिली गेली, पण मार्कानं येशूचे काही शब्द त्याच्या अरामी बोलीत जसेच्या तसे ठेवले. त्यातले दोन त्याच्या सगळ्यात वाईट रात्रीचे आणि दुसऱ्या दिवसाचे आहेत : गेथशेमाने बागेतलं अब्बा, म्हणजे बापा, आणि वधस्तंभावरचं एलोई, एलोई, लमा सबख्थनी, म्हणजे माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. प्रभूला सुद्धा त्या वेळी घरचीच भाषा आली. तुम्ही "अरे देवा, काय करू सांग की" असं म्हणालात तर ती पूर्ण प्रार्थना आहे.

गेथशेमानेबद्दल अजून एक. आपल्याकडे माणसं प्रार्थनेला बसली की थेट "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" वर उडी मारतात. ते पवित्र वाटतं. पण येशूनं आधी मागितलं : हा प्याला माझ्यापासून दूर कर. तोंड जमिनीला लावून मागितलं. त्यानंतर "माझ्या इच्छेप्रमाणे नको". मत्तय सांगतो की तिसऱ्यांदाही त्यानं तेच शब्द म्हटले. ज्या बाईनं आपल्याला काय हवंय हेच देवाला कधी सांगितलं नाही, ती कोणती इच्छा देवाच्या हवाली करणार? तुम्ही आधी म्हणा, यांची किडनी नीट कर. किंवा, मला आता थोडी झोप दे. किंवा, मला वाटतं हे संपावं आणि असं वाटल्याची मला लाज वाटते. हे तिसरं वाक्य आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या कितीतरी बायकांनी माझ्या कानात सांगितलंय, कुजबुजत, जणू खून केलाय. देवाला ते आधीच माहीत आहे. तुमच्या तोंडून निघालं की तुम्ही त्या लाजेबरोबर एकट्या राहत नाही.

हन्नाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायातली. मूल नाही, सवत टोचते, नवरा म्हणतो मी तुला दहा मुलांपेक्षा कमी आहे का. ती शिलोच्या मंदिरात जाऊन इतकी रडली की फक्त ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि एली याजकाला वाटलं बाई प्यायली आहे. तिनं सांगितलं, प्यायले नाही, मी परमेश्वरापुढे आपलं मन ओतलं. एलीला चूक कळली, त्यानं आशीर्वाद दिला. पुढे एक वाक्य आहे, ते मी वर्षानुवर्षं वाचलं आणि वगळलं. ती निघून गेली, जेवली, आणि त्यानंतर तिचा चेहरा उदास राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून पोटातही नव्हता. परिस्थिती तसूभर बदलली नव्हती, सवत घरातच होती. पण ती जेवली. डायलिसिस युनिटबाहेर चार तास बसून राहणाऱ्या बायकांच्या बाबतीत मी आता तेच विचारते, जेवलात का. कित्येकदा प्रार्थनेचं उत्तर मला आधी तिथेच दिसलंय.

एलीया संदेष्ट्याचंही तसंच. रानात झुडपाखाली पडून त्यानं देवाकडे मरण मागितलं. देवदूतानं आल्याआल्या उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला लावलं. सांगितलं, वाट तुला झेपणार नाही एवढी लांब आहे. म्हणून ताई, ज्या रात्री नळाला पाणी येणार आहे आणि पिंपं भरत एकपर्यंत जागायचंय, त्या रात्री लांब प्रार्थनेचा नेम करू नका. "बापा, दमले" म्हणा आणि झोपा. आणि मरावंसं वाटणं एलीयासारखं मनात घर करून राहिलं, तर ते देवाला सांगा आणि त्याच दिवशी माणसालाही सांगा. 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फोन फुकट आहे. तिथे बोलणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे, मी स्वतः लोकांना लावून दिलाय.

रोजचं म्हणाल तर मी एक वही वापरायला सांगते, शाळेची साधी. वर तारीख. खाली तेराव्या स्तोत्राच्या चालीनं लिहायचं : देवाला कोणत्या नावानं हाक मारावीशी वाटते, आज काय दुखलं, काय हवंय. विश्वासाची ओळ सुचली तर लिहा, नाही सुचली तर जागा रिकामी सोडा. खरंच रिकामी सोडा, खोटी भरू नका. एका गृहस्थांच्या वहीत सात महिने ती जागा कोरी होती. मग एका पानावर फक्त "आज पाऊस" लिहिलेलं होतं. दुष्काळी तालुक्यातला माणूस, त्याची स्तुती तेवढीच होती आणि ती खरी होती. लिहायला जमत नसेल तर विड्या वळताना करा. एक जुडी बांधून झाली की एक वाक्य. हात चालू, ओठ चालू. गुडघे टेकल्यावर डोकं रिकामं होतं म्हणालात ना, काही माणसांचं मन हाताला काम असलं की मोकळं होतं. आणि शब्दच आले नाहीत तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की आत्मा स्वतः कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं वॉर्डात आम्हाला रात्रभर ऐकू यायचं. ते प्रार्थनेत धरलं जातं हे मला तिथे फार आधाराचं वाटायचं.

प्रेषित पेत्र म्हणतो, आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका. तिथे ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतं : शिष्यांनी येशूला बसण्यासाठी आपली वस्त्रं शिंगरावर टाकली तिथे. म्हणजे ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकण्याचा शब्द. मार्केट यार्डात हमाल कांद्याचं पोतं ट्रकवर टाकतात ते बघा. टाकलं की पाठ सरळ होते. पण दुसऱ्या दिवशी नवी गाडी येते, पुन्हा पोती येतात, पुन्हा टाकावं लागतं. काल चिंता देवावर टाकली होती आणि आज सकाळी ती परत माझ्याच पाठीवर, म्हणजे माझी प्रार्थना खोटी होती का, असं लोक विचारतात. खोटी नव्हती. आजचं पोतं आजचं आहे.

एवढी एक गोष्ट मात्र कडक सांगते. प्रार्थनेसाठी डायलिसिसचा एकही वार चुकवायचा नाही, एकही गोळी बंद करायची नाही. बरं झालंय असा विश्वास धरून मशीन सोडा म्हणणारा कोणीही असो, कितीही मोठ्या स्टेजवरचा असो, त्याचं ऐकू नका. एक आठवडा चुकला तर पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नवस बोलू नका, देवाला सौद्यात ओढू नका. आणि यजमानांसमोर रडायला लाजू नका. आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, पाच मिनिटांत त्याला उठवणार आहे हे ठाऊक असताना रडला. मार्थानं आधी त्याला बोल लावला होता, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिलाही त्यानं गप्प केलं नाही.

तुमच्या गटातल्या त्याच बहिणींकडे आता वेगळं मागा. मोशेला ते 70 वडील मिळाले ते त्यानं एकट्याला झेपत नाही असं म्हटल्यावर. स्पष्ट सांगा : मला स्तुतीचा सल्ला नको, डायलिसिसच्या दिवशी युनिटबाहेर दोन तास कोणीतरी बसा, म्हणजे मी घरी जाऊन झोपेन. दोघी जरी आल्या तरी पुष्कळ झालं. त्यांना 88 वं स्तोत्र मोठ्यानं वाचायला सांगा, तुमच्यासाठी, एकदाच. मला वाटतं वाचताना त्यांनाही काहीतरी कळेल, कारण त्यांच्याही घरी काही ना काही असेलच, जे त्यांनी आजवर स्तुतीखाली झाकून ठेवलंय.

पहिली मीच येते. डायलिसिसचे दोन वार कोणते ते पाळकसाहेबांकडे कळवून ठेवा. डबा करत बसू नका, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी मी आणते. यजमानांना मीठ चालत नाही, त्यांची भाकरी वेगळी, बिनमिठाची करेन. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर बोलू, नाही वाटलं तर मी नुसती बसेन.